दोन सारखे क्रिस्टल

१४ जाने. २००१
कुरुंदवाडला गेलतो. अण्णांच्या घशाचं ऑपरेशन होऊन महिना झाला, आवाज गेला तो गेलाच. पाटीवर लिहून बोलतात. तार ऑफिसात जन्म काढलेला माणूस, मला मोर्स, तारेची टकटक भाषा, शिकवली ती त्यांनीच. पाटीवर लिहिलं, "बोटं शाबूत हायत की." ठरलं. दोन वायरलेस सेट करायचे, एक त्यांना, एक मला. दुकानातल्या भंगार टीव्हीचे ट्रान्झिस्टर, डबा साबणाचा.

२ फेब्रु.
सर्किट जमलं. सेटची लहर ठरवतो तो क्रिस्टल; पाठवणं-ऐकणं एकाच क्रिस्टलवर, म्हणून पार्ट कमी. पिशवीभर क्रिस्टल तपासून दोन अगदी सारखे काढले. लई खूश. दोन्ही सेट टेबलावर शेजारी ठेवले, खटखट ऐकू आली. बायको म्हणाली, जुळं झाल्यासारखं काय हसताय.

११ फेब्रु.
अण्णांकडं सेट लावला, एरियल चिंचेला. रोज सकाळी सातला त्यांनी हाक द्यायची, मी उत्तर.

१९ फेब्रु.
आठ दिवस नुसती खरखर. अण्णांच्या घरून काकूंचा फोन: "ते रोज टकटक करत्यात, तुम्हीच उत्तर देत न्हाईसा." काल जायचं होतं, मेव्हण्याच्या लग्नात अडकलो. येत्या रविवारी नक्की.

२३ फेब्रु.
अण्णा गेले. काकू सांगतात, सकाळी सातची हाक दिली, चहा मागितला, आणि...


८ मार्च
काल तेरावं. येताना सेट आणला. आज तपासला, ठणठणीत. माझाही. मग डोक्यात प्रकाश पडला. या सर्किटमध्ये सूर ऐकू येतो तो दोन सेटांच्या लहरींमधल्या फरकाचा. मी फरकच ठेवला नव्हता, तर सूर कुठला? टेबलावरची खटखट नुसती जवळ होते म्हणून. एका सेटला चिमटीएवढा ट्रिमर लावून लहर जराशी सरकवली, सूर स्वच्छ आला. गाढव आहे मी. ते रोज हाक मारत होते आणि मी रोज कान लावून बसलो होतो. रडलो, दुकानाचं शटर ओढून.

१८ मार्च
काकूंना भेटून आलो. त्यांनी अण्णांची वही पुढं केली. रोज तेच: हाक दिली, उत्तर नाही. शेवटच्या दिवशी खाली एक ओळ जास्त: "पोराचा सेट उत्तम. माझाच हात आता चालत नाही."
काकू म्हणाल्या, "हाताचा लई गर्व व्हता त्यास्नी. खरं सांगा, हात गेलता का?"
वही मिटून त्यांना परत दिली. एस.टी.ची वेळ झाली म्हणून उठलो.