वरच्या खोलीची पत

ता. ४ सप्टेंबर

ती. अक्कास,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गेल्या भाडेकरूनं शेवटी तुला बुडवलंच म्हणायचं. माणूस किती सभ्य, आपल्यासाठी दार कसं उघडून धरतो, असं तू वर्षभर ऐकवत होतीस. जाताना त्यानं ते दार तेवढं ठेवलं. दिवे, पडदे, नळाची तोटी, सगळं नेलं.

वरची खोली रिकामी राहिली तर तुझ्या पेन्शनीत घर चालायचं नाही. मग घर विकून तू आमच्याकडे यायचं, असं आपलं ठरलंय. तू आलीस तर आनंदच आहे. पण तू आणि माझी बायको एका स्वयंपाकघरात आलात तर मी जेवायचं कुठे, याचाही विचार करून ठेव.

तेव्हा या खेपेला चेहरा बघून खोली देऊ नकोस. पत तपासून देणाऱ्या कंपन्या असतात. एका खोलीच्या मालकिणीलाही त्या क्रेडिट रिपोर्ट काढून देतात. मात्र भाडेकरूची लेखी संमती आधी घे. चोरून दुसऱ्याच्या उसनवारीत डोकावणं बरं नव्हे. शिवाय आधीच्या घरमालकाला फोन कर. रिपोर्ट माझ्या ईमेलवर मागव, तो मी वाचतो. विम्याचे दावे तपासण्यात माझी हयात गेली. आमच्याकडे मेलेल्या माणसालाही आपण मेल्याचं सिद्ध करून दाखवावं लागतं.

लोभ आहेच, भाड्यासारखी त्यात दरसाल वाढ करावी.

तुझा,
धाकटा


ता. १२ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

एक बाई खोली बघून गेली. दातांच्या दवाखान्यांसाठी कवळ्या बनवते. बोलताना तिची नजर सारखी माझ्या खालच्या कवळीवर. शेवटी तिला राहवेना. म्हणाली, ही ज्यानं बसवली त्याला धरून आणायला हवं. मला बाई फार आवडली. पण तुझ्या सांगण्यावरून आवडणं बाजूला ठेवलं आणि संमतीचा कागद पुढे केला. तिनं निमूट सही केली, पण चेहरा एवढासा झाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काय करायचं ते केलंय. रिपोर्ट तुझ्याकडे येतील. कंपनीवाला सांगत होता की गुप्ततेसाठी त्यावर नाव नसतं, नुसता क्रमांक असतो. जरा लवकर बघ. ती महिनाअखेरपर्यंतच थांबणार आहे. इकडे घराचा दलाल येऊन भिंतींवर टिचक्या मारून जातो. डॉक्टर पोट वाजवून बघतो ना, तसा. तो गेला की मी भिंत पुसून घेते.

सुनेला आशीर्वाद. मायेत अंतर पडू देऊ नये.

तुझी,
अक्का


ता. १९ सप्टेंबर

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

रिपोर्ट आला, सोबत पाठवतो आहे. या बाईला खोली देऊ नकोस.

आयुष्यात कधी कर्ज नाही, कार्ड नाही, साधा हप्ता नाही. स्कोरच्या जागी नुसती रेघ! अशी माणसं एक तर ऋषी असतात, नाही तर फरारी. आणि ऋषी भाड्याची खोली शोधत हिंडत नाहीत. तुला कवळ्या बनवते म्हणून सांगते आणि इथे नोकरीच्या रकान्यात काहीच नाही. टेलिफोनचं एक बिल उशिरा भरलंय, तेही कंपनीशी भांडून. म्हणजे भांडखोरसुद्धा. अशा बाईला मी पावसात माझी छत्री द्यायचो नाही. तू घर द्यायला निघालीस!

राग मानू नकोस. लोभ कमी झाला तरी चालेल, पण खबरदारी वाढावी.

तुझा,
धाकटा

ता. क. कंपनीनं चुकून आणखी एक रिपोर्ट पाठवलाय. कुणा परक्याचा दिसतो, म्हणून न वाचता तोही सोबत जोडला आहे. त्यांना परत कर.


ता. २३ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तू लिहिलंस ती फरारी, भांडखोर बाई म्हणजे मी.

आपलं काही न दाखवता दुसऱ्याचं मागायचं, हे मला जमेना. म्हणून तिला दाखवायला माझाही रिपोर्ट मागवला, तो आधी आला. यांच्या हयातीत सगळं यांच्या नावावर होतं, पुढे मी कुणापुढे हात पसरला नाही. झाली रेघ! टेलिफोनवाल्यांशी भांडले हे मात्र खरं. हे गेल्यावर टेलिफोन माझ्या नावावर झाला, आणि महिनाभरानं यांनीच कॉल केल्याचं बिल आलं. यांना तिकडून फोन करता येत असता तर आधी मलाच केला नसता का?

तुझ्यावर रागावले नाही रे. पत्र वाचून इतकी हसले की कवळी काढून ठेवावी लागली. तुझे उपकारच आहेत. तू मागे लागला नसतास तर मी पुन्हा एखादा दार उघडून धरणारा शोधला असता. तू न वाचता पाठवलेला रिपोर्ट तिचा. त्यात मागचे काही हप्ते थकलेले दिसतात, पण ते तिनं आपण होऊन आधीच सांगितलं होतं. कारखाना बंद पडून पगार थांबला होता. नंतर सगळे फेडले. आधीच्या घरमालकाला फोन केला, तर तो तिच्या वक्तशीर भाड्याबद्दल थोडं आणि ती गेल्याबद्दल फार हळहळला.

मी खोली द्यायला तयार आहे. आता तीच अडून बसली आहे. माझा रिपोर्ट वाचून म्हणाली की नुसत्या रेघेवर भरवसा कसा ठेवायचा, मालकिणीची चौकशी तिलाही करायची आहे. तुझा नंबर दिलाय. खरं तेच सांग. तिनं नाही म्हटलं तर घर गेलंच, आणि मग मी सामानासकट तुझ्या दारात.

ममता असू द्यावी.

तुझी,
अक्का


ता. २७ सप्टेंबर

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

काल तिचा फोन आला. दावे तपासताना मी लोकांना घाम फोडतो, काल तो मला फुटला. मालकीणबाई न विचारता खोलीत शिरतात का, येण्याजाण्यावर बोलतात का, मनाला येईल तेव्हा निघा म्हणतात का, असं एकेक विचारत गेली.

मी म्हणालो, तुझ्या एकाच भाडेकरूबद्दल मला पक्कं सांगता येईल. आई गेल्यावर तो पोरगा त्या खोलीत राहायला आला. दोनदा नापास झाला, तरी तू कधी टकटक केल्याशिवाय आत गेली नाहीस. त्यानं भाडं कधी दिलं नाही, तू कधी मागितलं नाहीस. जेवायला हाक मारायचीस. कधी जाणार हे मात्र एकदाही विचारलं नाहीस. भाऊजींनीही कधी विचारू दिलं नाही.

मग तिनं विचारलं, तो मुलगा हल्ली कुठे असतो.

मी म्हणालो, फोनवर आहे.

ती एक तारखेला राहायला येते आहे. दलालाला निरोप दे.

अक्का, आजवर हे तुला कधी लिहिलं नव्हतं. लोभ असावा, आणि तेव्हासारखाच, काही न विचारता असावा.

तुझा,
धाकटा