नाव बुडाली

शनिवार, ४ मार्च. सकाळ.
आला! 'डिटेक्टिव्ह घुबड – भाग दोन' एकदाचा आला. संकल्प: उद्या संध्याकाळच्या आत खुनी गजाआड. फॅन ग्रुपवर तसं जाहीरही करून टाकलं. ग्रुपवर मला सगळे 'चीफ' म्हणतात, कारण भाग एक मी एकहाती सोडवला होता. बायको शेजारी बसायची खरी, पण ती नुसतं काहीबाही विचारायची. एवढ्या पावसात माळ्याचे बूट कोरडे कसे, वगैरे. 'एकहाती' असं मी ग्रुपवर लिहिलेलं तिने वाचलं, तेव्हापासून ती गेमकडे फिरकत नाही. इंटरेस्ट गेला असावा.

दुपार.
सुरुवातच फुसकी. बंदरावर एक व्यापारी मरतो. मरताना एवढंच म्हणतो, 'नाव बुडाली.' अरे, नाव 'बुडालं' म्हणतात हे शाळेतल्या पोरालाही कळतं! मराठी कुठल्या दीडशहाण्याकडून करून घेतलंय? असो. व्यापाऱ्याचं नाव कोणी बुडवलं? त्याची बदनामी छापणाऱ्या संपादकाने. केस खलास.

संध्याकाळ.
संपादकाला अटक केली. स्क्रीनवरच्या घुबडाने मान हलवली. 'चुकीचा माणूस.' गेममध्ये बग आहे.

रविवार, ५ मार्च.
संपादकाला पुन्हा अटक. जेवणाआधी, जेवणानंतर, चहाच्या वेळी. घुबडाची मान हलतेच आहे. भाग एकमध्ये काय मजा होती! ते संशयित, त्या गप्पा, तो वाद. यात जीवच नाही. बायकोला म्हटलं, बस जरा, बघ कशी वाट लावलीय. ती म्हणाली, तू आपला एकहातीच खेळ. माझी एकाग्रता मोडू नये म्हणून जपते बिचारी.

मंगळवार, ७ मार्च.
ऑफिसात एका शिंप्याच्या विम्याची फाइल उघडी ठेवून संपादकाचा विचार करत होतो. साहेबांनी विचारलं, काय चाललंय? तोंडून निघून गेलं, 'माणूस संशयास्पद आहे.' साहेबांनी शिंप्याचा क्लेम तिथल्या तिथे थांबवला. उद्या निस्तरतो. डोकं या गेमने खाल्लंय.

बुधवार, ८ मार्च.
कंपनीला सणसणीत मेल: 'ज्यांना व्याकरण येत नाही त्यांनी खून करू नयेत.' लगेच उत्तर आलं. आपल्या प्रतिक्रियेबद्दल आभार, म्हणे. शिंप्याचं राहिलं.

शनिवार, ११ मार्च.
ग्रुपवर भाग दोनची सालटी काढली. हा गेम सुटूच शकत नाही, मी प्रयत्न केलाय, म्हणजे विषय संपला. धडाधड अंगठे आले. मग 'पोपट' नावाचा कोणी नवा मेंबर उगवला. त्याने लिहिलं, 'चीफ, नाव म्हणजे होडी. होडी बुडाली. बुडालं ते तुमचं.' सगळा ग्रुप खिदळतोय. अंगाचा नुसता तिळपापड झालाय.
हा पोपट कोण, याचा तपास तातडीने हाती घेतला आहे. पहिला संशय साहेबांवर. तेवढ्यात स्वयंपाकघरात कोणीतरी खुदकन हसलं. योगायोग.

रविवार, १२ मार्च.
सकाळी गुपचूप गेममधल्या खाडीत शोधलं. होडी होती. तळाला भोक. होडीवाला खुनी.
ही बातमी द्यायला स्वयंपाकघरात गेलो. बायको टॅबवर गेमचा शेवट बघत होती. तिचा होडीवाला आधीच बेड्यांत! आणि वर कोपऱ्यात आमच्या ग्रुपचा मेसेज. पोपटासाठी.
भयंकर चिडणार होतो. जमलं नाही. खरं म्हणजे आठवडाभर मी गेमवर चिडलोच नव्हतो. शेजारची खुर्ची रिकामी होती, ते सहन होत नव्हतं. तुझ्याशिवाय मला खेळताना करमत नाही, असं तिला सरळ सांगून टाकलं. ती म्हणाली, मला काय सांगतोस, ग्रुपवर लिही.
मोठ्या मनाने लिहिलं: 'भाग एक आम्ही दोघांनी सोडवला.' पाठवायच्या आधी तिला दाखवलं. तिने शांतपणे विचारलं, त्यातलं तू नेमकं काय सोडवलंस?
पुष्कळ आठवून पाहिलं. गेम सुरू करताना भाषा निवडावी लागते. ती मी निवडली होती.