गोदाबाईंच्या घरातला समुद्र

बऱ्हाणपूर,
ता. १९ फेब्रुवारी १९५०

तीर्थस्वरूप वामनराव भावोजींना दिगंबरचे साष्टांग दंडवत. नागपुरात तुमचा खोकला आणि अलकाताईचा गुडघा आता कसा आहे? इकडे सर्व क्षेम, माझी अब्रू सोडून.

झालं असं की, आपल्या प्रांताचा मध्य प्रदेश झाला, शेजारची संस्थानं विलीन झाली. एवढं सगळं बदलतंय तर गुरुत्वाकर्षणानंच जुनं का राहावं, अशा उत्साहात मी शाळेत जाहीर व्याख्यान दिलं. विलायतेतले एक शास्त्रज्ञ म्हणतात की विश्वाचं वय वाढतं तशी ही ओढ क्षीण होत जाते. (मासिक तुमचंच, दिवाळीत न विचारता आणलेलं.) दुसऱ्या दिवशी बाजारात तराजूवर कुणाचा विश्वास उरला नाही. माल हलका भरला की बोट माझ्याकडे. शेवटी चौकात उभं राहून समजावलं, की केळी आणि वजनं दोन्ही सारखीच हलकी होतात, तराजूला काही कळत नाही. तेव्हा नदीपलीकडच्या जैनाबादहून केळी घेऊन आलेल्या गोदाबाईंनी विचारलं, "तराजूले कळत नाही, तं तुमाले कसं कळलं?"

भावोजी, बारा वर्षं शिकवतोय. इतका नेमका प्रश्न मला इन्स्पेक्टरनंही विचारलेला नाही. मी म्हटलं, पूर्वी ओढ जास्त असेल तर सूर्य जास्त तापत असणार, पृथ्वीही त्याच्या जवळ असणार. म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीचा समुद्र बंबातल्या पाण्यासारखा कढत हवा. खरंखोटं त्या समुद्रालाच ठाऊक.

"मंग चला," त्या म्हणाल्या. "समुद्र माह्या घरी हाये."

नावेतून तापी ओलांडली (केळीच्या घडांवर बसून, धोतराला चीक लागला तो जन्माचा). त्यांच्या दिरानं, निंबानं, धारच्या बाजूच्या डोंगरातून आणलेला एक दगड माठाखाली होता. त्यात शिंपलेच शिंपले, दगड झालेले.

"कढत पान्यात हे जगले असते का, मास्तर?"

मी माठाखालचा दगड उचलून घेतला. हरल्याची लाज वाटायला हवी होती. पण साऱ्या विश्वाचा निकाल ओंजळीत धरून मी तिथंच बसून राहिलो. शेवटी त्यांनीच चहा पुढं केला.

आपला,
दिगंबर

ता. क. दगड पार्सलानं पाठवतो आहे. तुम्ही कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवता, तेव्हा तो किती जुना ते कळवा. फार जुना निघाला तर माझं व्याख्यान बुडालं. तरी खरं तेच कळवा.

आणखी ता. क. उत्तर पाच मार्चच्या आत हवं. त्या दिवशीच्या व्याख्यानाची पाटी रंगवून झाली आहे. वक्त्या गोदाबाई. मला फळा पुसायचं काम मिळालं आहे.