पिवळी लडी

प्रिय काकू,

हे पत्र हातात पडल्यावर तुम्ही आधी घरभर चष्मा शोधाल आणि तो डोक्यावरच सापडेल, हे मला इथे बसून दिसतंय. त्याची दांडी परत सैल झाली असेल तर कृपा करून लोकर गुंडाळू नका. मागच्या वेळी तुम्ही तो तसाच घालून दुकानात आलात, तेव्हा स्वेटर घातलेला चष्मा मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. गिऱ्हाइकं अजून विचारतात, त्या आजी परत कधी येणार म्हणून.

दुकान बरं चाललंय आणि आईची तब्येतही ठीक आहे. आज मात्र भरदुपारी दार ओढून घेतलंय आणि भिंगं घासायच्या यंत्राशेजारी बसून लिहितेय. फोनवर सांगितलं असतं, पण तुम्ही मध्येच ‘रडतेस का गं?’ म्हणाला असता आणि मग मला पुढे बोलताच आलं नसतं.

आमच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक छोटी राहायची. नुकती पहिलीत गेलेली. आई परमुलखात नोकरीला, म्हणून मामा-मामीकडे ठेवलेली. तिचा पहिला चष्मा मीच बनवला. तो लवकरच मोडून आला. दुरुस्त करून दिला, तर पुन्हा मोडला. मामी दरवेळी हसून म्हणायची, ‘काय करणार, कार्टी धडपडीच आहे, सारखी पडते.’ काकू, पडणाऱ्या पोरांचे चष्मे मी रोज हाताळते. पोर पडलं की काचेवर चरा उठतो, नाहीतर नाकावरचा भाग मोडतो. छोटीच्या चष्म्याची काच दरवेळी शाबूत आणि डावी दांडी कानापाशी वाकलेली. पाणी कुठे मुरतंय हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. तसा फटका कुठून येतो हे माझ्या गालाला ठाऊक आहे.

त्या वेळी मला तुमचीच आठवण झाली. माझ्या लहानपणी बाबांची नोकरी सुटली होती आणि ते दिवसभर घरात असायचे. आई कारखान्यातून अंधार पडल्यावर यायची. शाळा सुटल्यापासून आई येईपर्यंतचा वेळ मला कसा जायचा, ते तुम्ही भिंतीपलीकडून ऐकत होतात. एक दिवस तुम्ही जिन्यातच मला अडवलंत आणि म्हणालात, ‘ए कारागीर, लोकरीच्या दुकानाकडून स्वेटरची मोठी ऑर्डर आलीय, माझे दोन हात पुरत नाहीत. रोज येत जा लडी धरायला.’ मग मी तुमच्यासमोर पाटावर दोन्ही हात पसरून बसायचे, हातांत ती पिवळी लोकर, आणि तुम्ही तिचा गुंडा करत जगभरच्या गप्पा मारायचात. मला वाटायचं, माझ्यावाचून दुकानाचं अडलंय. केवढा रुबाब होता माझा! एकदा बाबा तुमच्या दारात येऊन ओरडायला लागले. तुम्ही हातातल्या सुया खालीसुद्धा ठेवल्या नाहीत. दारात उभ्या राहून म्हणालात, ‘पोर कामावर आहे. सुट्टी झाली की पाठवते.’ तुमचे पाय लटपटत होते, मला मागून दिसत होते. पण आवाज? काय बिशाद होती कुणाची!

आणि तुम्ही नुसती लोकर गुंडाळत बसला नाहीत. आई मूग गिळून होती, तिला तुम्ही हाताला धरून पोलीस चौकीत नेलंत, जे तिच्या तोंडून निघेना ते तुम्ही सांगितलंत, आणि नंतर आम्हा दोघींना आपली मागची खोली उघडून दिलीत. आज मी कुणाचा हात उठला तरी डोळे मिटत नाही, ते तुमच्यामुळे.

म्हणून मीही मामीला एक थाप मारली. म्हटलं, ही नव्या तऱ्हेची फ्रेम आहे, रोज शाळा सुटल्यावर घट्ट करून घ्यावी लागते. फुकट करून देईन. फुकट म्हटल्यावर मामी खूश. छोटी रोज येऊन उंच स्टुलावर बसायची. मी एक स्क्रू सोडवायचे आणि तोच पुन्हा आवळायचे. त्यातच तिचा दूध-बिस्किटांचा, अभ्यासाचा वेळ निघायचा. दुसरीकडे मी मुलांच्या मदतीच्या नंबरवर फोन केला, तिच्या बाईंना शाळेत जाऊन भेटले, तिच्या आईचा पत्ता मिळवला. ते सगळं मार्गी लागेपर्यंत माझा जीव टांगणीला होता. एक दिवस छोटी आलीच नाही. मी हातातल्या स्क्रूड्रायव्हरसकट वर गेले. मामी म्हणाली, तिला बरं नाही. मी म्हटलं, ‘बरं नसू दे, चष्मा घट्ट करायचा राहिलाय.’ आणि दारातून हललेच नाही. काकू, तेव्हा कळलं की पाय लटपटत असतानाही आवाज नीट निघतो. छोटी आतून आली. ओठ फुटला होता, गाल सुजला होता. मी तिला उचलून खाली आणलं ते पुन्हा वर पाठवलंच नाही. मदतीच्या नंबरवरून बोलावलेल्या बाई आल्या, तिला डॉक्टरकडे आणि तिथून सुरक्षित जागी घेऊन गेल्या. मग मिळेल त्या गाडीने तिची आई येऊन पोहोचली. नोकरी सोडून आली, आता लेकीला नजरेआड करणार नाही म्हणते. मामीची चौकशी चालू आहे.

आज दुपारी मायलेकी निरोप घ्यायला आल्या होत्या. छोटी सवयीने स्टुलावर चढली, मी सवयीने स्क्रूड्रायव्हर घेतला. ती माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, ‘तो सैल नसायचाच. मला माहीत होतं. पण मी कुणाला सांगितलं नाही.’ ती गेली आणि मी दार ओढून तुम्हाला लिहायला बसले. कारण काकू, इतकी वर्षं तुम्हाला वाटतंय की मला काही कळलं नव्हतं. मी तेव्हा लडीच्या टोकाला पेनाने शाईचा ठिपका काढून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी तो ठिपका माझ्या हातात होता. तिसऱ्या दिवशीही. ऑर्डर नव्हतीच ना? मी शाळेत असताना तुम्ही तो अख्खा गुंडा उलगडून परत लडी करायचात, फक्त माझ्यासाठी. मी बोलले नाही, कारण बोलले असते तर काम सुटेल अशी भीती होती. आज बोलते. त्या लोकरीचे उपकार मला फेडायचे नाहीत, ते असेच अंगावर राहू देत. रविवारी येतेय. ती लडी अजून असेल तर काढून ठेवा, धरायला मी आहे.

तुमचीच,
कारागीर