न छेडलेला गंधार

आई,

आमच्या इमारतीच्या लिफ्टविरुद्ध तुझ्याकडे रीतसर तक्रार नोंदवायची आहे. कोलशेतच्या या टॉवरमध्ये राहायला आल्यापासून मी हा अन्याय सहन करतोय. दार उघडताना ती दोन स्वर वाजवते, खाली षड्ज आणि वर गंधार, आणि गंधार चढा. सकाळी दूध आणायला जाताना चढा, पिशवी घेऊन परत येताना चढा. सोसायटीच्या सेक्रेटरीकडे गेलो, तर त्याने अतिशय सहानुभूतीने विचारलं, “सर, पण दार उघडतंय ना?” यात दोष तुझाच आहे. इतर आया पोरांकडून पाढे घोकून घेत होत्या, तेव्हा तू मला डोंबिवलीच्या स्वयंपाकघरात तंबोऱ्याशेजारी बसवलंस.

तक्रार संपली, आता खरं कारण सांगतो. तुझी नात, जिला तू पाहिलं नाहीस, हल्ली रोज तुझा तंबोरा घेऊन बसते. तिला त्यातला तो गंधार ऐकायचाय. मी शेजारी बसून सांगायचं की आता आला, आता हरवला. आणि इकडे कानाच्या डॉक्टरने माझा आलेख टेबलावर पसरून सांगितलंय की नस हळूहळू क्षीण होत चाललीय, मशीन लावलं तर लोकांचं बोलणं कळेल. लोकांच्या बोलण्याची मला तितकीशी काळजी नाही. त्यात फार काही हुकत नाही.

तुझ्याकडे नवीन मुलगी शिकायला आली की तू तिला आठवडेच्या आठवडे गाऊच देत नव्हतीस. तंबोऱ्याला चार तारा, एक पंचमाची, दोन षड्जाच्या, शेवटी खर्ज. गंधाराची तारच नाही. तरी तारा नेमक्या लागल्या आणि घोडीवर तारेखाली घातलेला दोरा योग्य जागी सरकला की खर्जातून गंधार आपोआप वर येतो, कोणी न छेडता. तो ऐकू आल्याशिवाय तुझ्या घरात सा लावायची कोणाला परवानगी नव्हती. मुली कंटाळून म्हणायच्या, “आला, बाई, ऐकू आला.” “आला ना? मग गाऊन दाखव.” कोणाचा हात पेटीकडे गेला तर म्हणायचीस, “तिचा गंधार नको हं. नव्या सुनेसारखा उगाच ताठ बसलेला असतो.” मला तारांतला गंधार भेटला त्या दुपारी मी मेथी निवडतोय. तू ओट्यापाशी पाटावर बसून तंबोरा लावतेयस, डाळ शिजतेय, आणि एकाएकी तुझ्या तारांच्या वर आणखी कोणीतरी गातंय. मी मान वर करतो. तू माझ्याकडे बघतेस. फक्त म्हणतेस, “देठं टाकू नकोस, कोवळी आहेत.” एवढ्यावरून मला कळतं की मी पास झालोय.

पुढे मी संस्कृत शिकलो आणि शहाणा झालो. कल्याणच्या मंडईतून परत येताना तुला ऐकवलं की आपल्या शास्त्रकारांनी सातही स्वर पशुपक्ष्यांच्या तोंडी दिलेत, मोराचा षड्ज, शेळीचा गंधार. रस्त्याच्या कडेला एक शेळी बांधलेलीच होती. ती ओरडली. तू पिशवी खाली ठेवलीस, डोळे मिटून जरा गुणगुणलीस आणि निकाल दिलास.

“कोमल रिषभ. तोही उतरलेला. कळव त्यांना.”

“अगं, ते प्रतीकात्मक आहे.”

“मग शेळी कशाला मध्ये आणली?”

पण त्याच शास्त्रकारांनी दोन वीणा अगदी सारख्या लावून, एक तशीच ठेवून, दुसरी जरा जरा उतरवत श्रुती मोजल्या, हे सांगितल्यावर मात्र म्हणालीस, “हां, ही माणसं बसलेली दिसतात.” बसलेला माणूस, ही तुझ्याकडची सर्वोच्च पदवी.

नात तुझ्यावरच उलटलीय. ती मोबाइलवरच्या खेळांना संगीत देते, असाही एक व्यवसाय असतो आता. परवा तिने मला जावा बेटावरची काशाची वाद्यं ऐकवली. “बाबा, यांचा पंचम आपल्या पंचमावर बसतच नाही. प्रत्येक गावाचा सेट वेगळा ट्यून केलेला. आणि त्यांना तेच सुरेल वाटतं. मग आजीचा गंधार काय अख्ख्या जगाचा आहे का?” मी ग्रीकांना पुढे केलं, तारेच्या लांबीचे हिशेब मांडले. चिन्यांनी बांबूच्या नळ्या तिसऱ्या हिश्शाने आखूड-लांब करत पंचमावर पंचम कसे चढवले, तेही सांगितलं. ती म्हणाली, “तार आणि नळी आहे ना, म्हणून जमलं. काशातून वरचे स्वर निघतात तेच वेगळ्या ठिकाणी.” वर हेही ऐकवलं की दक्षिण अमेरिकेच्या जंगलात असे लोक आहेत, ज्यांना जुळलेले आणि खटकणारे स्वर सारखेच गोड लागतात. दोन दिवस तुला वकील नेमून मी मनात तिच्याशी भांडलो. शेवटी आपण हरलो. गंधार तारेत आहे, ते खरंच. पण त्याच्याकडे कान वळवून ‘हा आपला’ म्हणणं तारेत नसतं. ते कोणाच्या तरी शेजारी बसून लागतं. तुला तुझ्या बाईंच्या शेजारी लागलं, मला तुझ्या.

काल संध्याकाळी तिने दोरा सरकवला, तारा छेडल्या आणि विचारलं, “बाबा, आला?” खर्ज ऐकू येत होता, पोटात जाणवतही होता. त्याच्या वर खरंच काही होतं की माझी आठवणच गात होती, ते ठरवता येईना.

“पुन्हा छेड.”

तिने छेडलं. “तुला येतोय ना पण?”

“थांब जरा.”

“चालेल रे. घाई कुठेय,” ती म्हणाली आणि छेडत राहिली.

हे पत्र टपालात पडणार नाही. डोंबिवलीची आपली इमारत पाडून झाली, आणि तू असतीस तर मजकुराआधी माझ्या अक्षराला नावं ठेवली असतीस. तेव्हा एवढंच लिहून थांबतो. बहिरा होण्याची मला फारशी भीती वाटत नाही. तिला ऐकू यायच्या आधी मला ऐकू येणं थांबेल, आणि एखाद्या संध्याकाळी मी नुसताच “आला” म्हणेन, याची वाटते. ती माझ्यावर विश्वास ठेवेल.