न जन्मलेल्या रुग्णाची मूत्रपिंडे तपासण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख, मूत्रपिंड विभाग,
मोठे सरकारी रुग्णालय.

विषय : सुनेच्या पोटातील बाळाची मूत्रपिंडे तातडीने तपासून मिळणेबाबत.

संदर्भ : १) स्त्रीरोग विभागाच्या डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी. २) आपल्या नोंदणी खिडकीचा वेळोवेळी मिळालेला तोंडी नकार.

महोदय,

आधी हात जोडतो, मग गाऱ्हाणे मांडतो.

१. माझ्या सुनेला सातवा महिना चालू आहे. तिला लग्नाआधीपासून रक्तदाबाची गोळी आहे. सून बेकरीत कामाला. भट्टी सोडून रांगेत उभे राहणे तिला जमत नाही. म्हणून तिचे कार्ड घेऊन दरमहा आमची मंडळी, म्हणजे तिची सासू, रक्तदाबाच्या खिडकीवर जात असे. तेथील डॉक्टर मान वर न करता विचारत, "काही त्रास?" मंडळी म्हणे, "गुडघे फार धरतात हो." ते लिहीत, 'गुडघेदुखी. गोळी चालू.' दिवस गेले आहेत का, हे त्यांनी विचारले नाही. साठी उलटलेल्या बाईला असे कोण विचारणार? गरोदर बायांचे वजन करणाऱ्या ताईंना मात्र सुनेने गोळीबद्दल आवर्जून सांगितले होते. त्या म्हणाल्या, "आपल्याच दवाखान्याची ना? मग घे बिनधास्त."

२. परवाच्या सोनोग्राफीत बाळाभोवतीचे पाणी फार कमी दिसले. डॉक्टरीणबाईंनी समजावले ते असे : पोटातल्या बाळाचा रक्तदाब मुळातच कमी असतो. तो सावरून मूत्रपिंडे चालती ठेवायला बाळाच्या अंगात एक संप्रेरक काम करते. आईची ही गोळी आईचा रक्तदाब उतरवते खरी, पण नाळेतून पलीकडे जाऊन बाळाचे तेच संप्रेरक अडवते. मग मूत्रपिंडे मंदावतात, बाळाची लघवी कमी होते, आणि भोवतालचे पाणी बहुतेक त्या लघवीचेच असते. त्यांनी गोळी तत्काळ बदलली. आता बाळाची मूत्रपिंडे पुन्हा जागी होत आहेत का, हे आपल्याकडील यंत्रावर पाहून आपण मत द्यायचे, मग त्या ठरवणार : थांबायचे, की बाळाला आताच बाहेर काढायचे. आमचे सगळे त्या मतावर अडले आहे.

३. आपल्या खिडकीवरील साहेबांनी चिठ्ठी वाचून विचारले, "पेशंटचं नाव?" म्हटले, अजून ठेवलेले नाही. "वय?" म्हटले, सुरू व्हायचे आहे. "जन्मदाखला?" मी चिठ्ठीच पुन्हा पुढे केली. ते म्हणाले, "काका, जन्मल्यावर या."

४. मग आम्ही आईच्या नावाने नोंद केली. त्याबरोबर आपल्या विभागाने सुनेची मूत्रपिंडे तपासली, ती उत्तम निघाली, आणि 'दोष नाही' असा शिक्का मारून प्रकरण बंद केले. मी म्हटले, "साहेब, हिची नाहीत, आतल्याची बघा." ते म्हणाले, "एका नंबरावर एकच माणूस." लहान मुलांच्या विभागात गेलो, तर तेथील सिस्टर हसून म्हणाल्या, "आजोबा, आमच्याकडे रडता येणारी मुलं असतात." माऊली चांगली होती, पाणी दिले, पण पाठवले पुन्हा आपल्याकडेच.

५. मी निवृत्त टपालवाला आहे. दारावर पाटी नसलेल्या घरांतही पत्रे पोचवली. पाटी नाही म्हणून आत माणूस नाही, असे मी कधी धरले नाही. आपणही धरू नये.

६. मला कीर्तनाची गोडी आहे. आमचे बुवा म्हणतात, गर्भातले लेकरू देवाच्या ओंजळीत असते. माझा त्यावर पूर्ण विश्वास आहे. पण महोदय, ओंजळीतले पाणी आटते आहे, आणि यंत्राची किल्ली देवाने आपल्याकडे ठेवली आहे. सून रात्रंदिवस पोटावर हात ठेवून बसते. हालचाल जाणवली की हसते, नाही जाणवली की माझ्याकडे बघते. मी इकडे तिकडे बघतो. मंडळी तर गुडघ्यांचे नावच काढत नाही.

७. तरी विनंती की, नियमात बसत असेल तर नियमाने, नसेल तर दयेने, बाळाला आईच्याच नंबरावर तपासावे. वयाच्या रकान्यात जे लिहायचे ते लिहावे, मी सही करीन. कोणाची तक्रार करायची नाही. खिडकीवरच्या साहेबांनाही पोरेबाळे असतील, ती सुखी राहोत. सून आपल्या दाराबाहेरच्या बाकावर बसली आहे. आपण नुसते दार उघडलेत तरी दोघे दिसतील.

आपल्या दाराशी उभा,
(सही)
बाळाचा आजोबा

सोबत : डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी, सोनोग्राफीचा अहवाल, 'दोष नाही' शिक्क्याचा कागद.

दिनांक : आजचाच. उद्याचा चालणार नाही.