क्रुसापाशी दुसरा आवाज

प्रिय इझाबेल,

लिहायला बसतो आणि उठतो, मे लागल्यापासून हेच चाललंय. तिकडे कुवेतला मला नोकरी लावून, व्हिसा पाठवून तू वाट बघत असशील. काल पेन आणायला आगाशीला गेलो आणि सुकेळ्यांसाठी केळी वाळत घातलेली बघत बसलो. पेन राहिलंच. हे शेजारच्या बर्थामावशीचं आहे, गळतं.

परवा नालासोपाऱ्याला तुझे बाबा भेटले. वाडी विकल्यापासून स्कूटर नवी, आवाजही नवा. भर रस्त्यात म्हणाले, "पास्कू, गोव्यात वेटर झालास, नाशकात ड्रायव्हर झालास, आता जरा माणूस हो. कुवेतला गेलास तर लग्न, नाहीतर विसर." मी हसलो. फार थकलो की मला हसूच येतं.

आळीतल्या क्रुसाला मे महिन्यात रोज एकेका घराची पाळी असायची, आठवतं? झेंडूच्या माळा, रोझरी, मग कागदात गरम उकडलेले चणे. तुमची पाळी फातिमामातेच्या सणाला. माझे चणे तूच खायचीस. आता माणसं फ्लॅटांत गेली, पाळ्या मोडल्या. बर्थामावशीला दिसत नाही, तरी संध्याकाळी काठी घेऊन दारात उभी. मी हात धरून नेतो. रोझरीच्या दर मण्याला अर्धं 'नमो मरिया' ती म्हणते, उरलेलं अर्धं मी, मणीही मीच मोजतो. दोघंच. माझं लक्ष एखाद्या कुत्र्याकडे नाहीतर समोरच्या बिल्डिंगच्या क्रेनकडे जातं, मग काठी टोचते, "मेल्या, दहा मण्यांचे बारा केलेस!"

मध्यंतरी मी तापाने पडलो होतो. खिडकीतून ऐकलं, ती चाचपडत एकटीच गेली होती. आपलं अर्धं म्हणायची आणि थांबायची. उत्तराला लागतो तेवढा वेळ थांबायची, मग पुढचा मणी. ते थांबणं माझ्या कानातून जात नाही.

मी कुठेच टिकलो नाही, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत! देवाला माझा काही मोठा उपयोग असेल असंही नाही. पण त्या थांबण्यात कोणीतरी बोलायला हवं, आणि तेवढं मला येतं. बारा झाले तरी.

म्हणून याच पाकिटात व्हिसा परत पाठवतोय. मी येत नाही, इझाबेल. गोखिवऱ्याला टेम्पोवर लागलोय, संध्याकाळच्या आत सोडतात. त्यात फ्लॅट होणार नाही. तू माझ्यासाठी थांब, असं कुठल्या तोंडाने म्हणू? म्हणू नये, एवढंच लिहायला इतके दिवस गेले. एक मिनिट, बाहेर स्कूटर थांबली. तुझे बाबा! शिव्या घालायला आले असतील. नाही गं, हातात टोप आहे, चण्यांचा वास येतोय. चपला क्रुसाच्या अलीकडेच काढल्या. माझ्याकडे न बघता मावशीला विचारतायत, "आज फातिमामातेचा सण. आमचीच पाळी ना?" मावशी काठी शोधतेय. निघतो. आज उत्तराला दोघं आहोत.

काहीही झालं तरी तुझाच,
पास्कू